पिवळ्या टायरचं विरजण

ओल्या रस्त्यावर ब्रेक

मंजिरी गव्हाणेनं ब्रेक दाबला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली, कारण लाल टायर फारच चांगला होता.

सुप्याच्या माळावरचा तोरणा मोटर्सचा चाचणी ट्रॅक. फवारे सोडून डांबराचा पट्टा ओलागच्च केलेला. त्या पाण्यावर 'पालवी', सात जणांची बॅटरीवरची नवी गाडी, मागून कुणी शेपटी धरल्यासारखी जागच्या जागी थांबली.

"नऊ," ती वायरलेसवर म्हणाली.

"दहापैकी नऊ?" पलीकडून तौफिक इनामदारचा आवाज आला. तौफिक तिच्या हाताखालचा चालक, आणि तिला टोमणा मारण्याची हिंमत असलेला ट्रॅकवरचा एकमेव माणूस. "ताई, माझ्या ड्रायव्हिंगला तुम्ही आजवर सहाच्या वर गेला नाहीत."

"टायर मध्येच बोलत नाही. म्हणून त्याला नऊ."

नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिच्या चाकांना जे टायर असतात, ते गाडीच्या कंपनीनं निवडलेले असतात. गिऱ्हाईक रंग निवडतं, सीटचं कापड निवडतं, टायरकडे ढुंकूनही बघत नाही. आणि मग पुढची चार-पाच वर्षं त्याच टायरांवर पोरंबाळं, म्हातारी माणसं, लग्नाचं वऱ्हाड वाहतं. ती निवड करणं हे चाचणीप्रमुख मंजिरीचं काम होतं. 'पालवी'साठी तीन कंपन्यांचे टायर आले होते. बाजूवरची नावं घासून काढलेली, ओळख म्हणून फक्त खडूचा रंग: लाल, निळा, पिवळा. कुठला रंग कोणाचा, हे प्रकल्पप्रमुख घैसास सर सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

हा नियम मंजिरीनंच घातला होता. कारण तिघांपैकी एक कंपनी रांजणगावची घोडनदी रबर होती, आणि घोडनदी रबरचा रबरतज्ज्ञ निशिकांत गव्हाणे तिचा नवरा होता.

रबराला आठवण असते

रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. मांजरानं लोकरीचा गुंडा खेळून टाकावा तसा. कोरी रबरी पट्टी पहिल्यांदा ताणली की त्या गुंत्यातल्या काही गाठी सुटतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. दुसऱ्यांदा ताणताना पट्टी कमी कुरकुर करते. पहिला ताण रबराच्या लक्षात राहतो, ही गोष्ट जुन्या काळच्या रबरवाल्यांनाही ठाऊक होती.

नवं एवढंच झालं, की ती आठवण आता पक्की करता येऊ लागली. रबरात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या मिसळतात. जिथे ताण पुन्हा पुन्हा येतो तिथल्या कुप्या फुटतात आणि आतलं रसायन साखळ्यांना नव्या जागी बांधून टाकतं. काही हजार किलोमीटर पळाल्यावर टायर लागतो, दही लागतं तसा. कुठे मऊ राहायचं, कुठे ताठ व्हायचं, खड्ड्याचा धक्का किती गिळायचा आणि किती वर पाठवायचा, हे मग कायमचं ठरून जातं. ठरवतो कोण? पहिले काही हजार किलोमीटर ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो.

याच्यापुढे आणखी एक पाऊल. असा लागलेला एक टायर यंत्रानं वाचायचा, आणि साच्यातल्या कोऱ्या टायरात विजेचे झटके देऊन तीच बांधणी उतरवायची. एकाचे लाख. या प्रक्रियेचं कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं. रांजणगावच्या कामगारांनी पहिल्याच आठवड्यात तिला विरजण म्हणायला सुरुवात केली, आणि मग साहेबलोकही तेच म्हणू लागले.

यातून पुढे काय होईल, ते मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. टायर माणसाकडून शिकतो, तसा तो माणसाला शिकवतोही. एका परदेशी कंपनीनं शर्यतीतल्या विजेत्याचं विरजण लावलेले टायर एका लहान गाडीला दिले होते. ते टायर उशिरा ब्रेक मागायचे, वळणावर वेग मागायचे. चालवणाऱ्याचा पाय नकळत त्यांचं ऐकायचा. दोन वर्षांत निवृत्तीला आलेले बँकेचे अधिकारी सिग्नलला शर्यतीसारखे गुरगुरत उभे राहायला लागले. पुण्यात त्या गाडीचा हप्ता कमी आणि विम्याचा जास्त, असं लोक म्हणायचे.

म्हणजे मंजिरी आता नुसते टायर निवडत नव्हती. लाख-दोन लाख घरांचा रस्त्यावरचा स्वभाव निवडत होती.

घरातला आवाज

शिरूरला गव्हाण्यांच्या घरी एक कायदा होता. टायर हा शब्द घरात काढायचा नाही. जो काढेल तो रात्रीची भांडी घासेल. ओट्याखाली भांडी धुण्याचं यंत्र होतं, पण शिक्षेची भांडी हातानंच.

चाचणीप्रमुख झाली त्या संध्याकाळी मंजिरीनं हा कायदा केला. निशिकांतनं तो वर्षभरात अनेकदा मोडला. तिनंही दोनदा. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एकदाही नाही.

अण्णा शिरूरच्या तालमीचे वस्ताद. जन्मभर पोरं घडवली, एकालाही तोंडावर शाबासकी दिली नाही. शाबासकी दिली की पोराच्या अंगात आळस शिरतो, असं त्यांचं मत.

"काय रे," ते जेवताना मुलाला म्हणाले, "आज भाकरी चावतोयस का मोजतोयस? त्या गोल वस्तूचा निकाल आहे वाटतं."

"अण्णा, गोल वस्तू म्हणजे तेच झालं की."

"मी शब्द काढला का? सूनबाई, मी शब्द काढला?"

"नाही काढलात," मंजिरी म्हणाली.

"मग वाढ आमटी."

चार वर्षांपूर्वी अण्णांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढे जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला त्यांना पुण्याला न्यावं लागायचं. निशिकांतची कारखान्यातली पाळी सुटत नसे, म्हणून गाडी मंजिरी चालवायची. अण्णा मागच्या सीटवर आडवे. वस्तादानं कण्हायचं नसतं, म्हणून कळ आली की ते पुढच्या सीटच्या पाठीवर मूठ आपटत. ठक. ती मूठ सीटमधून थेट मंजिरीच्या पाठीत बसायची.

ती मूठ चुकवायला मंजिरी गाडी चालवायला नव्यानं शिकली. ब्रेकवर पाय टेकवायच्या कितीतरी आधी वेग सोडून देणं. वळणात शिरताना गाडीचं वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर असं सरकवणं, की झोपलेल्याला कळू नये. खड्डा चुकवता आला नाही तर त्याच्या काठावरून चाक हळूच आत उतरवणं. वर्ष संपता संपता शिरूर ते पुणे एकदाही मूठ वाजेनाशी झाली. अण्णा हिंडूफिरू लागले. शेवटच्या खेपेला गाडीतून उतरताना त्यांनी एकच वाक्य टाकलं होतं.

"रस्ता सुधारलाय."

रस्त्यावर खडीचा एक दाणाही पडला नव्हता.

फुटका काँक्रीट पट्टा: लाल

मंजिरी फुटक्या पट्ट्यावर शिरली. मुद्दाम फोडलेलं काँक्रीट, उखडलेल्या कडा, मधोमध एक आडवी चर. लाल टायरनं प्रत्येक कड स्पष्ट सांगितली. रस्ता हातात आल्यासारखा वाटला. चर आली, दण्‌कन आवाज झाला. पाठीला सवयीनं मूठ आठवली. सात.

फुटका काँक्रीट पट्टा: निळा

मंजिरी फुटक्या पट्ट्यावर शिरली. निळ्याचं विरजण हजार चालकांची सरासरी काढून बनवलेलं असावं, असं तौफिकचं म्हणणं होतं. टायर कशालाच नाही म्हणत नव्हता आणि कशालाच हो म्हणत नव्हता. सरकारी कचेरीत चौकशी केल्यासारखं वाटलं. चर आली, दबका आवाज. पाठीला मूठ आठवली. सहा.

फुटका काँक्रीट पट्टा: पिवळा

मंजिरी फुटक्या पट्ट्यावर शिरली. पहिली कड आली, तिनं पाय उचलला, आणि टायरनं जणू तिच्या आधीच उचललेला होता. दुसऱ्या कडेला गाडीचं वजन डावीकडे सरकलं, झोपलेल्याला कळू नये असं. चर जवळ आली. तिची पाठ ताठ झाली. चाक काठावरून हळूच आत उतरलं आणि वर आलं.

मूठ वाजली नाही.

तिनं गाडी पट्ट्याच्या मधोमध उभी केली. हे नियमात बसत नव्हतं.

"ताई? बंद पडली का?"

"नाही."

"मग गुण सांगा."

मंजिरीनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"ताई, नऊ का दहा?"

"रिकामं ठेव," ती म्हणाली.

घराबाहेर

दुपारी रांजणगावला, घोडनदी रबरच्या फाटकासमोरच्या टपरीवर, मंजिरी आणि निशिकांत, दोन चहा.

"घरात नाही विचारू शकत, म्हणून इथे आले. पिवळा तुमचा आहे."

"मला विचारू नकोस. तुझाच नियम आहे."

"विचारत नाहीये. सांगतेय. निशिकांत, त्या टायरला अण्णांची मूठ माहीत आहे. चहा काय ढवळतोयस, साखर कधीच विरघळली."

"कारखान्यातल्या बऱ्याच जणांच्या घरच्या गाड्यांना आम्ही कोरे टायर लावले होते. आपल्याही. तुला म्हणालो होतो, फुकट आलेत."

"आठवतं."

"लागल्यावर सगळे परत घेतले, वाचले. नावं काढून टाकली, फक्त नंबर. यंत्रानं त्यातला एक उचलला. म्हणालं, असं विरजण मी पाहिलेलं नाही. पुढे मला राहवेना म्हणून मी नंबर मागे शोधत गेलो, तर गाडी आपली. आणि त्या वर्षी आपली गाडी तूच चालवत होतीस."

"आणि मला आज सांगतोयस?"

"कधी सांगणार होतो? ज्या दिवशी मला कळलं त्याच संध्याकाळी तू चाचणीप्रमुख होऊन घरी आलीस. चप्पल काढायच्या आधी कायदा जाहीर केलास. मी हातात पेढे घेऊन उभा होतो."

"ते माझ्या बढतीचे होते."

"निम्मे."

"म्हणजे?"

"निम्मे तुझ्या बढतीचे, निम्मे तुझ्या विरजणाचे. सांगायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, शब्द काढलास, भांडी घास."

"अरे पण तुमच्या कंपनीनं आमच्याकडे टायर पाठवला तेव्हा तरी! आमच्या अटीत साफ लिहिलंय, विरजण आमच्या माणसाचं नको."

"कंपनीला नाव माहीत नाही. फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसलो. ते चुकलंच."

"भांडायचंय मला तुझ्याशी. नीट वेळ काढून."

"भांड. आणि घैसासांना?"

"सांगितलं तर तुम्ही बाद."

"माहीत आहे. नवी लाइन याच ऑर्डरवर उभी करतोय आम्ही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलंस तर मला आवडणार नाही. पण मी असं म्हणालो, हे आत कुणाला सांगू नकोस."

चप्पल

"तुला हे सांगायची काही गरज होती का?" घैसास सर म्हणाले. त्यांनीच तिला कॉलेजातून उचलून आणलं होतं, त्यामुळे ते रागावले की थोडे वडिलांसारखे रागावत. "फुटक्या पट्ट्यावर पिवळा वरचढ चाललाय. तुझ्या नवऱ्याची ऑर्डर. तू गुण दिले असतेस, विषय संपला असता."

"म्हणूनच सांगितलं, सर. आपल्याच जुन्या चपलेत पाय घातल्यासारखं होतंय मला. चप्पल चांगली आहे, की नुसती ओळखीची आहे, हे मी कसं सांगू? मी दहा दिले तर ते मी मलाच दिलेले असतील."

"मग नियमानं पिवळा बाद."

"हो."

खिडकीबाहेर ट्रॅकवर पिवळ्या खडूची चार चाकं उन्हात उभी होती. माझी आहेत ती, तिला पहिल्यांदाच वाटलं. आणि ते वाटणं बाद व्हायच्या क्षणी यावं, याचा तिला भयंकर राग आला.

तौफिक दारात तक्ते घेऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं.

"सर, हात पुढच्या सीटवर असतात," तो म्हणाला. "ओळख हातांना पटते. मागच्या सीटला कुठे हात?"

"तौफिक, तू जा."

"थांब," मंजिरी म्हणाली. "सर, हा बरोबर बोलतोय. आणि आपण सगळेच चुकलोय. 'पालवी' सात जणांची गाडी. चालवणारा एक, बसणारे सहा. आपल्या अख्ख्या तक्त्यात मागे बसणाऱ्यासाठी एक रकाना आहे का? टायरची चाचणी म्हणजे चालवणाऱ्याची चाचणी, असं आपण धरूनच चाललोय. तीनही टायर मागच्या सीटवरून तपासा. चालक बाहेरगावचे आणा, माझ्या हाताशी ज्यांचा काही संबंध नाही असे. मागे बसणारेही वेगळे. मी चालवणार नाही, गुण देणार नाही. 'पालवी'च्या निकालावर माझी सहीसुद्धा नको. तौफिक करेल."

"म्हणजे प्रमुखपद सोडतेस?"

"या गाडीपुरतं. मी या चाचणीतच नसले की विरजण आपल्या माणसाचं उरत नाही."

"आणि त्यात पिवळा पडला तर?"

"तर पडला, सर."

घैसासांनी चष्मा काढून पुसला. "नवऱ्याशी बोललीस?"

"टपरीवर. घरात आम्हाला बंदी आहे."

मागची सीट

आयुष्यात हजारो टायर तपासलेली मंजिरी स्वतःच्या मागे कधी बसली नव्हती.

चाचण्या झाल्या, तक्ते भरले, ते बंद पाकिटात गेले. मग तिनं तौफिकला विचारलं, एक फेरी मारू का, गुणांच्या बाहेरची? नाशिकहून आलेल्या एका अनोळखी, घाईघाईनं चालवणाऱ्या तरुणाला पुढे बसवलं. पिवळे टायर. ती मागच्या सीटवर आडवी झाली. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं ट्रॅकवर असं झोपणं शोभत नव्हतं. कुणी हसलं नाही.

फुटका पट्टा आला.

तरुणानं ब्रेक उशिरा दाबला, हे तिला कळलं. पण त्याचा दणका तिच्यापर्यंत पोचला तो कडा घासून गुळगुळीत झालेला. वळणावर वजन सरकलं. डोक्याखालच्या हातानं ते ओळखलं, पाठीनं ओळखलं. शिक्रापूरच्या पुढचा उतार, वाघोलीची ती न संपणारी खडबड, दवाखान्याच्या फाटकातला गतिरोधक, आणि पाठीवर मुठीची वाट बघत तिनं श्वास रोखून धरलेले ते सगळे क्षण या रबरात बांधलेले होते, गाठीगाठीनं. पुढे बसलेल्या मुलाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तरी त्याच्या उतावळ्या पायाखाली ते मुकाट्यानं आपलं काम करत होते. दुसऱ्या फेरीला तो मुलगा ब्रेक जरा आधी दाबायला लागला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चर आली. मंजिरीनं मूठ उचलून पुढच्या सीटच्या पाठीजवळ नेली.

चर गेली.

मूठ हवेतच राहिली. मग तिनं ती छातीवर ठेवली आणि छताकडे बघत एकटीच हसली. इतकं चांगलं चालवत होते मी? होते की. चालवत होतेच.

निकाल

मागच्या सीटवर पिवळा पहिला, बाकीचे बरेच मागे.

ओल्या रस्त्यावर ब्रेकमध्ये पिवळा शेवटचा. लालपेक्षा अर्धी गाडी पुढे जाऊन थांबला.

"विरजण ठेवा, वरचं रबर बदला," घैसासांनी घोडनदी रबरला कळवलं. "ओल्यावर लालच्या बरोबरीनं थांबला तर घेऊ. आणि लपवाछपवी नको. विरजण कोणाचं, ते टायरच्या बाजूवर उघड छापा. वाचायचं त्याला वाचू दे."

निशिकांतला गप्प बसल्याबद्दल कंपनीकडून कडक समज मिळाली. मंजिरीचं राहिलेलं भांडण त्यानंतर झालं, घोडनदीच्या पुलावर, फिरायला गेल्यावर, कायद्याच्या हद्दीबाहेर. ते चांगलं दणदणीत झालं. मग निशिकांत सहा महिने ओल्यावर धरणाऱ्या रबराच्या मागे लागला. घरी आला की त्याच्या अंगाला गंधकाचा वास यायचा, आणि त्याबद्दल घरात कुणी अक्षर काढत नसे. तौफिकनं शेवटची ओली चाचणी घेतली, सही केली आणि मंजिरीला एकच निरोप पाठवला: 'नऊ. मला मात्र अजून सहाच.'

शिरूर, शोरूमचं अंगण

पहिल्या खेपेतली एक 'पालवी' गव्हाण्यांनी घेतली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. पुजाऱ्यानं कुंकू लावलं. अण्णा काठी टेकत पुढच्या चाकाजवळ गेले आणि वाकले. मणक्याच्या ऑपरेशननंतर कुणी त्यांना इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. टायरच्या बाजूवर 'पालवी'चं छोटं पान होतं आणि पानाखाली बारीक अक्षरं. अण्णांनी त्यावरून बोट फिरवत वाचलं.

"विरजण, मंजिरी गव्हाणे." मग सरळ होत म्हणाले, "आडनाव आमचं आहे."

"हात माझे आहेत, अण्णा," मंजिरी म्हणाली.

"ते दिसतंय. बसा आता."

निशिकांत स्टिअरिंगवर बसला. तो गाडी चालवायचा ती दळण दळल्यासारखी, हे अख्ख्या शिरूरला माहीत होतं. अण्णा मागे, मंजिरी त्यांच्या शेजारी. पुण्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. जाताना मंजिरीची नजर रस्त्यावर नव्हती, अण्णांच्या गुडघ्यावरच्या मुठीवर होती. शिक्रापूर गेलं. वाघोलीची खडबड आली. परतीच्या वाटेवर कुठेतरी ती मूठ सुटली आणि अण्णा झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत, वस्तादाला न शोभणारं.

घरी पोचल्यावर ते काहीच बोलले नाहीत. रस्ता सुधारलाय, असंही नाही.

जेवण झालं. ताटं उचलायच्या वेळी अण्णांनी घसा खाकरला.

"सूनबाई."

"काय अण्णा?"

"टायर फार चांगला केलायस तू."

निशिकांतच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"अण्णा," तो म्हणाला, "शब्द काढलात."

"मला काय ऐकू येत नाही?" अण्णा उठले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि मुलाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "व्हा बाजूला दोघं. घासणी कुठे ठेवता ते सांगा."